रेमिखिओच्या नावाचा तारामासा

एडिता ओयार्सोने एकदा ठरवलं की ती काळ्या दगडावरची रेघ. पुंता अरेनासच्या संशोधन संस्थेत थंड दक्षिणी समुद्रांतले इतके तारामासे तिच्या हाताखालून गेले होते, की बाहूंवरचे काटे आणि त्यांच्या मुळाशी असलेले बारीक चिमटे पाहून ती कोणत्याही तारामाशाचं घराणं सांगायची. नवी प्रजाती मात्र तिने आयुष्यात एकच मांडली होती. गावासमोरच्या सामुद्रधुनीतली, सडपातळ, पाठीला पोक असलेली. ती वडिलांच्या खेकड्यांच्या सापळ्यात सापडली होती, म्हणून तिला वडिलांचंच नाव दिलं.

तेव्हापासून म्हाताऱ्या रेमिखिओचे पाय जमिनीवर नव्हते. बंदरावर कोणी हुज्जत घातली की तो छाती फुगवून म्हणायचा, "कुणाशी बोलतोयस? माझ्या नावाचा मासा आहे समुद्रात!" लोक हसत, पण 'माते' या तिथल्या कडवट चहाचा पहिला पेला त्यालाच देत.

या वसंतात एडिताने त्या प्रजातीची एक मादी प्रथमच जिवंत टाकीत ठेवली. तिच्या पोटाखाली पिल्लं होती. आजवर सापळा वर ओढताना ती गळून पडत, म्हणून कोणाला दिसलीच नव्हती. पिल्लं सुटी झाली तशी आई सरळ झाली आणि शिंपल्यांवर तुटून पडली. काही आठवड्यांत बाहू भरले, पोक गेलं, आणि टाकीत उरला किनाऱ्यावर पोरं पायाने उडवतात तो रोजचा तारामासा. एडिताने आणखी माद्या आणून पाहिल्या. सगळ्यांचं तेच झालं.

या विद्येत नियम साधा आहे. एकाच प्रजातीला दोन नावं पडली, तर जुनं राहतं, नवं खोडलं जातं.

"कशाला हात दाखवून अवलक्षण?" शेजारच्या टेबलावरचा मिलेंको म्हणाला. "तुझ्याशिवाय कोणाला कळलंय? म्हातारा नव्वदीला टेकलाय. त्याला सुखाने जाऊ दे, मग छाप."

"म्हणजे बापाच्या मरणाची वाट बघत बसू?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. आणि कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

तिने लेख लिहिला. लिहिताना रडू येत होतं, आणि रागही, स्वतःचाच. पण पाठवण्याआधी बाबांना आपल्या तोंडून कळलं पाहिजे, बंदरावरून नाही, हेही तिने ठरवलं होतं.

रविवारी मेंढीच्या रश्श्याचं ताट समोर असताना तिने सांगून टाकलं. म्हाताऱ्याने चमचा खाली ठेवला.

"म्हणजे माझं नाव खोडणार. कोण?"

"मीच."

"वा! पोटची पोर! परक्याने केलं असतं तर दगड तरी मारला असता." तो उठला आणि भरलेल्या चुलीत उगाच लाकडं कोंबू लागला.

"हव्या तेवढ्या शिव्या द्या, बाबा. पण चूक माझी आहे, आणि मी ती तशीच ठेवणार नाही."

पाठमोराच तो म्हणाला, "मग ती वेगळी का दिसायची?"

"उपाशी होती. पिल्लं पोटाखालच्या तोंडाशी धरून बसते, तोवर घास नाही. मी त्या उपासालाच तिची ठेवण समजले."

म्हाताऱ्याच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं.

"खेकडे मिळाले नाहीत ना, त्या हिवाळ्यांत तुझी आई तुम्हा पोरांना वाढायची, आणि म्हणायची, माझं झालंय मघाशीच." त्याने लाकूड खाली ठेवलं. "आणि मी बंदरावर सांगायचो, आमची बायको मुळातच काटकुळी. ती गेली तरी तेच सांगत राहिलो गं."

एडिता जवळ गेली. त्याने तिचा हात घट्ट धरला.

"पाठव ते. आजच पाठव. आणि ती उपाशी होती, हे नीट लिही."