नदीत सोडलेलं पोर

कारखान्याच्या मळीचा वास आला की मला ती दुपार आठवते. बारामतीत धाकट्या जावेबरोबर सिनेमा बघत होते. पडद्यावर एका आईनं लग्नाआधीचं पोर नदीत सोडलं, ते मोठं होऊन सख्ख्या भावावर उलटलं, तरी आई गप्पच. मी म्हणाले, "ही तर पोथीतलीच गोष्ट, नुसती कापडं बदलल्यात. आता पोर मेल्यावरच बोलंल ही." जाऊ पडद्याकडं बघत म्हणाली, "बोल की गं बाई!" तिनंही तान्हा लेक निरवांगीच्या नणंदेच्या ओटीत घातला होता, त्याला कधी सांगायचं नाही, असं ठरलेलं. सिनेमा अर्धाच टाकून ती उठली आणि निरवांगीच्या एसटीत जाऊन बसली, मीही मागोमाग. भवानीनगरला मळीचा आंबूस गोड वास खिडकीतून आत आला, उसाचे तुरे उन्हात तरंगत मागं गेले, आणि आपण अजून सिनेमातच आहोत असं वाटत राहिलं. नणंदेच्या दारात तो मिसरूड फुटलेला पोरगा पाण्याचा तांब्या घेऊन जावेपुढं आला. "घे मामी." "मामी न्हाय, आई हाय मी तुजी." "ठावं हाय मला," तो म्हणाला, "तू कवा सांगतीस, तेच बघत हुतो." त्या सिनेमाचा शेवट मी अजून बघितलेला नाही.