रिंगच्या अलीकडं

म्हशींच्या धारा काढायच्या, डेअरीत दूध घालायचं आणि तसंच मैदान गाठायचं, हा तानाबाईचा रोजचा शिरस्ता. बास्केटबॉलमधलं तिला काही कळत नव्हतं. लेक निशिगंधा लांबून उडी मारून बॉल टाकायची आणि ती तो गोळा करून परत द्यायची, एवढंच. नवरा गेल्यापासून सकाळचा हा तास मायलेकींचा होता.

निशिगंधा कागलजवळच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. क्लबच्या संघात लांबचा शॉट तिचाच. यंदा मात्र तो पोचेना. बॉल जायचा सरळ, पण रिंगच्या अलीकडंच पडायचा.

"हात झ्याक हाय, कोपर आत हाय. पायात जोर न्हाय तुझ्या," क्लबचे अंबादास सर म्हणाले. "गुडघं वाकव, उडीच्या टोकाला बॉल सोड. रोज जादा मार."

निशिगंधा इरेला पेटली. दोरीवरच्या उड्या, पायऱ्या चढणं-उतरणं, त्यावर शॉटचा सराव. तरी रिंगखाली उभी राहणारी तानाबाई बॉल उचलायला दिवसागणिक लेकीकडं सरकतच आली. एकदा मांडीवर हात टेकून पायरी चढताना निशिगंधा तिला दिसली.

"दमलीस व्हय गं?"

"न्हाय गं आई, सराव जरा जास्त झालाय."

मग एका मॅचमध्ये उडी मारून ती उतरली ती खालीच बसली. उठता येईना.

तपासण्या झाल्या. "स्नायू झिजण्याचा आजार आहे," डॉक्टर म्हणाले. "सरावानं भरून येणारं नाही हे. उलट ताण नकोच."

"मग माझी पोरगी एवढी राबली, ते?"

डॉक्टरांनी रिपोर्ट पाकिटात घालून तिच्यापुढं सरकवले.

पुढं निशिगंधानं अंथरूण धरलं, तेव्हा अंबादास सर घरी आले. पुढ्यातला चहा निवून गेला तरी त्यांनी कप उचलला नाही.

"सर, माझा बॉल सरळ जात हुता की न्हाय?" निशिगंधानं विचारलं.

"एका रेषेत, पोरी," सर कसंबसं म्हणाले.

ती हसली आणि तिनं भिंतीकडं तोंड वळवलं.

आता दुपारी ती अंथरुणात उताणी पडून बॉल वर टाकते. तो वीतभर उडतो आणि तानाबाई वरच्यावर झेलते. काल तिनं बॉल झेलून परत हातात दिला, तर निशिगंधाला तो धरवेना.

"ऱ्हाऊ दे आई. जड लागतोय."

तानाबाईनं बॉल मांडीवर घेतला. लेकीचा हात तेवढा ती चोळत बसली.