राखून ठेवलेली जागा

नवऱ्याला मी सर म्हणते. अख्खं लातूर म्हणतं, मी काय वेगळी? सरांचा केमिस्ट्रीचा क्लास आहे. निलंग्यापासून माहूरपर्यंतचे आईबाप पोरं घेऊन येतात, गल्लीबोळांत खोल्या करून राहतात आणि देवापुढं वाकावं तसे सरांपुढं वाकतात. मी त्याच शहरात एका शाळेत गणित शिकवायचे आणि घरी सरांचं ऐकून घ्यायचे.

परदेशातल्या इंटरनॅशनल शाळांना अर्ज केले तेव्हा सर हसले. "तुझं इंग्रजी ऐकून पळून जातील ते," म्हणाले. कुणी पळालं नाही, उलट दोन शाळांनी घेतलं. दुबईची शाळा पगार चांगला देत होती, वर राहायला फ्लॅट. थायलंडमधली शाळा लहान, पगार बेताचा, पण तिथं शिक्षिकेच्या मुलीला फुकट प्रवेश होता. मी थायलंड निवडलं. लेकीची आठवी नुकतीच संपली होती. गणितात कच्ची आणि चित्रात पक्की अशी पोरगी, आणि सरांच्या घरात चित्राला कुत्रं विचारत नव्हतं. तिला तिथून बाहेर काढायचं, एवढ्यासाठीच माझा सगळा खटाटोप होता.

सरांनी आधी होकार दिला. पासपोर्ट निघाले. लेकीनं खोलीच्या भिंतीवर हत्ती काढला. मग व्हिसाचे कागद भरायच्या आठवड्यात निलंग्याचे एक गृहस्थ मुलाच्या ॲडमिशनला आले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "सर, तुमची पोरगी परदेशी चालली म्हनं? मंग आमचं पोरगं हितं कशाला घालावं?" आणि पोराला घेऊन समोरच्या क्लासमध्ये गेले.

त्या संध्याकाळी सर चहा पिताना म्हणाले, "ती जाणार न्हाई. माझ्या नववीच्या फाउंडेशन बॅचला बसंल. तुला जायचं तर तू जा."

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. आता न्हाई देत."

तिचा पासपोर्ट क्लासच्या कपाटात गेला. बापाच्या सहीशिवाय पोरीचा व्हिसा होत नव्हता, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. मी भांडले, रडले, ताट ढकलून दिलं. सरांनी आपलं जेवण शांतपणे संपवलं.

मी घरी बसले असते तर तिची तिथल्या शाळेतली जागाही गेली असती. तिथल्या मुख्याध्यापिकेनं कळवलं, तुम्ही रुजू व्हा, मुलीची जागा पुढच्या ऑगस्टपर्यंत राखून ठेवते. म्हणून गेले. पोरीला टाकून गेली, असं गल्लीतल्या बायका म्हणाल्या. म्हणेनात का.

तिथं पहिल्याच चाचणीचे मार्क मी वर्गात मोठ्यानं वाचले, लातूरला वाचतात तसे, वरून खाली. एक मुलगी रडली. मुख्याध्यापिकेनं बोलावून गोड हसत सांगितलं, आमच्याकडे पेपर बाकावर पालथा ठेवतात, ज्याचा त्यानं उलटून बघायचा. मग शिक्षकांच्या बैठकीत माझं नाव न घेता माझ्यावर चर्चा झाली. मुलांशी कसं बोलावं हे मला कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका गोऱ्या पोरानं शिकवलं. मॅडम मूळच्या कुठल्या, असं पालक विचारायचे आणि उत्तर ऐकून मुलाची तुकडी बदलून घ्यायचे. लातुरात माणूस तोंडावर अपमान करतो. तिथं अपमान करून वर केक द्यायचे.

पण पेपर पालथा ठेवायची रीत मला मनापासून आवडली. लेक आली की तिचाही पेपर असाच ठेवायचा, असं मी ठरवून टाकलं. त्या एका विचारावर मी ते वर्ष रेटलं.

इकडे लातुरात सरांच्या क्लासमध्ये दर सोमवारी चाचणीच्या मार्कांप्रमाणे बसवतात आणि सगळ्यांत खालच्याला तासभर उभं करतात. आमची लेक खालीच होती. सरांनी तिला उभं केलं, आणि इतरांपेक्षा जास्त वेळ केलं. पहिल्यांदा रागानं केलं असेल. पण गावभर बोलबाला झाला, सर पोटच्या पोरीलाही सोडत नाहीत. ॲडमिशन वाढल्या. निलंग्याचे ते गृहस्थही पोराला घेऊन परत आले. त्यानंतर राग उरला नाही, ती क्लासची पद्धत झाली. लेक फोनवर "आज उभी होते" असं सांगायची, आज भेंडीची भाजी होती असं सांगावं तसं. मी सरांना शिव्या घातल्या तर म्हणाले, "तिच्यामुळं बाकीची पोरं सुधरून राहिली. तुला काय कळतंय त्यातलं?"

मे महिन्यात मी तिला न्यायला आले. सरांनी नांदेडला नवी शाखा काढली होती आणि तिथं पालकसभा होती. मी मागच्या रांगेत बसले. सरांनी लेकीला स्टेजवर बोलावलं, तिचे मार्क वाचले आणि तिला उभं ठेवून भाषण केलं. ती हात मागं बांधून समोरच्या पंख्याकडं बघत होती. सवयीचं होतं तिला. पालकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारची बाई मला म्हणाली, "लई गुणाची पोरगी हाय. असा बाप पायजे."

"मी आई आहे तिची," मी म्हणाले.

"मंग नशीब काढलं बाई तुम्ही."

सभा संपल्यावर मी ऑफिसात घुसले. आज फाडून खायचं म्हणूनच गेले होते. सरांनी न मागता बॅग उघडली, लातूरहून आणलेला पासपोर्ट काढून दिला, संमतीच्या कागदावर सही केली. "विचार तिला. हाव म्हणली तर ने," म्हणाले. ते इतक्या सहज म्हणाले तेव्हाच मला समजायला हवं होतं.

लेकीला खाली रसवंतीवर नेलं. पासपोर्ट तिच्या हातात ठेवला आणि सगळं सांगितलं. झाडं, चित्रांची मोठी खोली, तिच्यासाठी अजून मोकळी ठेवलेली जागा. ती रस पीत ऐकत होती.

"तिथं उभं करतात?"

"नाही गं."

"मार्क वाचतात?"

"नाही. पेपर पालथा ठेवतात. तुझे मार्क तुलाच दिसणार."

तिनं ग्लास खाली ठेवला. "मंग मी किती खराब हाय, ते मला कोण सांगणार?"

तू खराब नाहीस, मी म्हणाले. पुन्हा म्हणाले. खोटं बोलणाऱ्या माणसाकडं बघतात तशी ती माझ्याकडं बघत राहिली. "मम्मी, तू टीचर हायस ना?" म्हणाली. मग पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि जिना चढून वर गेली. वर दुसऱ्या सभेचे पालक येऊन बसले होते.

ऑगस्टमध्ये ती जागा एका नव्या शिक्षिकेच्या मुलीला मिळाली. ती माझ्याच वर्गात आहे. गणितात कच्ची आहे. तिचा पेपर मी बाकावर पालथा ठेवते.