सारिकाची सावड

सारिकाला सिंहलीतलं एक अक्षर येत नव्हतं, पण श्रीलंकेला जाणारं आमचं एकही मशीन तिच्या नजरेखालून चुकीचं सुटलं नाही. मुरबाडच्या एमआयडीसीत आमची कंपनी एसटीच्या कंडक्टरकडे असतात तसली तिकिटाची मशीनं बनवते. निम्म्याहून जास्त माल लंकेत जायचा. पडद्यावर त्यांची ती गोल गोल अक्षरं उमटायची. सारिका त्यांना चकल्या म्हणायची. "किशोरदादा, या चकलीची शेपूट तुटलीय बघा," म्हणत मशीन बाजूला ठेवायची, आणि इंजिनिअरने तपासलं की ती खरोखर तुटलेली निघायची.

मी त्या लाइनचा सुपरवायझर. टोकावड्याजवळच्या आमच्या गावातल्या अकरा जणींना मीच कंपनीत चिकटवलं होतं, आणि त्याचा तोराही गावभर मिरवला होता. सारिका त्यातली पहिली. नवरा वारल्यावर तिने एकटीने घर सांभाळलं, मुलगी भाविकाला शहापूरला नर्सिंगला घातलं. जीभ मात्र तिखट. कॅन्टीनच्या आमटीत डाळ शोधायला माझ्याकडे भिंग मागायची.

२०२२च्या उन्हाळ्यात लंकेचं दिवाळं निघालं. पेट्रोल नाही, बँकेत डॉलर नाहीत, बस जागच्या जागी उभ्या. बस उभी तर तिकीट कोण फाडणार? ऑर्डर थांबल्या. चार हजार तयार मशीनं गोदामात पडून राहिली. बटणांवरसुद्धा चकल्या छापलेल्या, इथे ती कोण घेणार?

मे महिन्यात मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. "तुझ्या अकरातल्या सहाच ठेवायच्या. कोण ते तू ठरव. काम बघून ठरव."

काम बघायचं तर सारिकाचं नाव पहिलं यायला हवं होतं, आणि माझी मेहुणी कुणालीचं शेवटचं. मशीन बिघडवण्यात कुणालीचा हात कोणी धरला नसता. पण तिचं लग्न जुळत होतं. 'मुलगी कंपनीत आहे' असं मुलाकडच्यांना सांगून झालं होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी कमी करायच्या पाच जणींत सारिकाला लिहिलं आणि कुणालीला वगळलं. स्वतःच्या हाताने, निळ्या पेनाने.

सारिकाला सांगताना तर मी आणखीच खाली उतरलो. "वरून यादी आलीय गो. माझ्या हातात काय नाय."

ती म्हणाली, "लंकेतल्या कंडक्टरांचं पन असंच झालं असंल, नाय?" कंपनीचा निळा कोट तिने घरी नेऊन धुतला आणि सोमवारी हिशेबाच्या सह्या करायला आली तेव्हा घडी घालून परत केला.

पुढे ती टोकावड्याच्या एका ढाब्यावर भाकऱ्या थापायला लागली. भाविका नर्सिंग सोडून घरी बसली. ढाब्यासमोरून जाताना मी गाडीचा वेग वाढवायचो आणि मान दुसरीकडे फिरवायचो. चाळिशी उलटलेला माणूस मी, शेण खाल्लेल्या पोरासारखा तोंड लपवत होतो. हे सांगताना लाज वाटते. वाटलीच पाहिजे.

जुलैत आमच्या शेतात आवणी निघाली. भाताची रोपं लावायला आमच्याकडे सावड चालते. तुम्ही आमच्या शेतात दोन दिवस राबा, आम्ही तुमच्या शेतात दोन दिवस राबू. त्या वर्षी आपल्या बांधावर कोणी फिरकणार नाही, असं मी धरून चाललो होतो. सकाळी बघतो तर कमी केलेल्या पाचही जणी हजर. सारिका सगळ्यांत पुढे, पदर खोचून.

"दादा, इथूनबी काढनार का आमाला?" त्यांच्यातल्या पारूने टोमणा मारला. बाकीच्या हसल्या. सारिका हसली नाही, खाली वाकून लावायला लागली.

दुपारी भाकरीच्या वेळी मी पाण्याची कळशी घेऊन तिच्यापाशी गेलो. "सारिका, मन मोठं तुझं. एवढं होऊन पन आलीस."

तिने मान वर केली. "मोठं मन कसलं, दादा? यादी तुमच्या अक्षरातली होती. सही करायला गेले तवा टेबलावरच पडलेली. चार वर्सं रोज तुमच्या हातानं लिवलेली तपासणीची चिठ्ठी मशीनला चिकटवली. चकल्या वळखल्या, तुमचं अक्षर वळखनार नाय?"

मी कळशी खाली ठेवली.

"मी तुमच्यासाठी नाय आले," ती म्हणाली. "वत्सलावयनीनं माझ्या आवणीला दोन दिस कंबर मोडली. तिची सावड फेडायची हाय. आज एक दिस, उद्या एक."

माझी बायको वत्सला गेल्या आठवड्यात सारिकाच्या शेतात दोन दिवस राबून आली होती. का गेलीस, हे मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सारिका पुन्हा आली. शेवटचं रोप लावून झालं, हात धुतले, आणि वत्सलाला म्हणाली, "फिटली गो, वयनी." माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

त्या वर्षी भात चांगलं पिकलं. कुणालीच्या लग्नाच्या पंगतीला त्याच शेतातला तांदूळ शिजला. सगळे पोटभर जेवले. माझ्या गळ्याखाली घास उतरला नाही.