तुटक घराणं

आमच्या आडनावाच्या मंडळींचा कुलवृत्तान्त निघायचा होता. पुण्याहून छापील पत्रक आलं, वडिलांनी ते भरून पाठवलं, आणि काही महिन्यांनी उत्तर आलं : तुमच्या शाखेचा मूळ वंशाशी सांधा जुळत नाही, सबब ती पुस्तकाच्या शेवटी 'तुटक घराणी' या भागात जाईल.

वडील कचेरीतून निवृत्त होऊन माझ्याकडे तलासरीला राहत होते. मी तिथे शाळेत शिकवत असे. पत्र वाचून ते म्हणाले, "तुटक? मी काय कपबशी आहे?" त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. मुख्य वंशवृक्षात आपली फांदी डोळ्यांनी बघायची, बस्स. मी म्हटलं, जुळवू. कामांची यादी करायची आणि एकेक काम उरकून खोडायचं, ही माझी सवय. हेही तसंच उरकेल असं वाटलं.

नातेवाइकांकडून नावं जमवली आणि ती घेऊन डहाणूला एका निवृत्त हेडमास्तरांकडे गेले. गुरुजींना इतिहासाचा नाद. त्यांच्याकडे एका संशोधन त्रैमासिकाचे जुने अंक गठ्ठ्यांनी पडलेले. माझे कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले.

"बाई, नावं गोळा करणं म्हणजे संशोधन नव्हे. ते खानेसुमारीवालेही करतात. आधी वाचायला शिका."

मला राग आला. पुढच्या रविवारी मी सकाळचीच एस.टी. धरून त्यांच्या ओटीवर हजर झाले.

आम्ही चौघं होतो. गुरुजी, मी, डहाणू रोडच्या स्टेशनमास्तरांची पत्नी, जिला आम्ही वहिनी म्हणायचो, आणि पोस्टातले एक गुजराती कारकून, आमचे भाई. वंशावळ कशी तपासावी, सनदेतली नावं कशी वाचावीत, आडनावं का बदलतात, असले लेख आम्ही एकत्र वाचत असू. वहिनी मोठ्यानं वाचायची. पहिल्या लेखाला किती रविवार गेले ते मी सांगत नाही. मग गुरुजींनी शिस्त लावली. आधी तळटिपा वाचायच्या, लेख नंतर. टीपच नसेल तर त्या वाक्यावर पेन्सिलीनं फुली. आणि स्वतःच्या घराण्याचे कागद स्वतः तपासायचे नाहीत, ते दुसऱ्याकडे द्यायचे, कारण आपल्या माणसांवर आपण जरा जास्तच विश्वास ठेवतो.

या नियमाची पहिली झळ गुरुजींनाच लागली. त्यांची वंशावळ भाईंकडे होती. भाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"गुरुजी, तुमचा हा माणूस तर मुंजीच्या वयात बाप झाला!"

वहिनी पदर तोंडाला लावून हसली. "घराणं कर्तबगार दिसतंय."

नातवाला आजोबाचं नाव ठेवलेलं, आणि गुरुजींनी दोघांना एकच धरून मधली एक अख्खी पिढी पुसून टाकली होती. गुरुजींनी मान डोलावली, पेन्सिल मागितली आणि स्वतःच फुली मारली. त्या दिवसापासून मला त्या ओटीचा भरवसा वाटू लागला.

मग माझी पाळी आली. माझे कागदही भाईंकडेच होते.

"बेन, गोत्र काश्यप कशावरून?"

"पुण्याच्या पत्रकातच छापलेलं होतं."

"ते तर त्यांचं. तुमचे बापूजी श्राद्धात काय बोलतात?"

श्राद्धाच्या दिवशी मी स्वयंपाकघरात वड्यांच्या कढईपुढे असे. संकल्पाचे शब्द मी कधी कान देऊन ऐकलेच नव्हते.

घरी येऊन विचारलं. वडील पानाचे देठ खुडत होते.

"भारद्वाज."

"मग पत्रकात काश्यप का राहू दिलंत?"

"सगळ्या कुळाचं काश्यप छापलंय म्हटल्यावर वाटलं, आपल्याच भटजींची पिढ्यान्‌पिढ्या चूक झाली असणार."

"आणि पाणी सोडताना?"

"पाणी सोडताना भारद्वाजच म्हणतो. तिथे पत्रक नसतं."

हे घेऊन मी पुढच्या रविवारी गेले. आडनाव गावाबरोबर, हुद्द्याबरोबर, वारशाबरोबर बदलतं हे आम्ही वाचलं होतं. गोत्र मात्र बापाकडून येतं, आणि दत्तक गेल्याशिवाय मुलाचं गोत्र सुटत नाही. वहिनीनं मांडीवर थाप मारली. "अगं, मुलीचा मुलगा! आजोबाला मुलगा नव्हता, नातवाला घरी ठेवून घेतलं. आडनाव आजोबाचं, गोत्र बापाचं."

"एका गोष्टीवर निष्कर्ष नको," गुरुजी म्हणाले.

तेव्हा मी सांगितलं, की आमच्याकडे लग्नात दोन कुलदेवींचे नैवेद्य निघतात. एक कुळाच्या देवीचा, दुसरा 'पाहुण्या देवीचा'. ती कुणाची पाहुणी, कुणी विचारलं नव्हतं. "म्हणजे त्या बापाकडची!" वहिनी म्हणाली. गुरुजींनी एवढंच म्हटलं, "आता थोडं बळ आलं."

उन्हाळ्यात कुलवृत्तान्ताचे संपादक माहिती गोळा करत फिरत होते, ते तलासरीला आमच्याकडेही आले. धोतर, काळी टोपी, बगलेत कच्च्या छपाईचं पुडकं. वडिलांनी त्यांच्यासाठी ताडगोळे आणवले होते आणि ते स्वतः सोलत बसले होते. मी पुडकं मागून घेतलं आणि आमच्या मूळ गावाचं पान काढलं. तिथे वडिलांच्या खापरपणजोबांच्या पिढीत एक गृहस्थ होते. त्यांच्यापुढे छापलं होतं : 'कन्या एक. वंश खुंटला.'

"खुंटला नाही," मी म्हटलं. "इथे बसलाय, ताडगोळे सोलतोय."

सगळं समजावून सांगितलं. संपादक हुशार होते, त्यांना लगेच पटलं. ते खूश होऊन म्हणाले, "मग सोपं आहे. त्या नातवापुढे 'दत्तक' लिहू. गोत्र तुमच्या या पत्रकात काश्यप आहेच. काका, इथे सही करा, मुख्य वृक्षात आलात."

वडिलांनी हात पुसून पेन घेतलं.

"दत्तक कशावरून?" मी विचारलं.

"बाई, एका शब्दानं काय होतंय? आणि तुमचं लग्न नाही, तुमच्यापुढे फांदी जायची नाही. एवढा आटापिटा कशाला?"

"म्हणूनच. मला कुणाची सोयरीक जमवायची नाही. मला खरं लिहायला कुणाची भीती नाही."

"तू गप्प बस," वडील म्हणाले. "सबंध वर्ष हेच तर मागत होतो."

"मागा. पण दत्तक लिहिलंत की तो त्या मुलीचा मुलगा राहत नाही. तिचं नाव आपल्याला ठाऊक नाही, तिच्या असण्याचा एवढा एकच पुरावा आहे, आणि तो म्हणजे तुम्ही."

संपादकांनी घड्याळ पाहिलं. वडिलांनी पत्रक ओढून काश्यपवर रेघ मारली, वर भारद्वाज लिहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या रविवारांनी माझं वाटोळं केलं."

मी संपादकांना म्हटलं, "आता आम्हाला त्या कन्येखाली दाखवा."

"मुलीची पुढची पिढी दाखवायची आमची रीत नाही."

"मग रीत बदला."

"तसं होणार नाही, बाई. मग तुटकच."

"मग तुटकच," हे मी नाही, वडिलांनी म्हटलं. आणि उरलेले ताडगोळे त्यांनी संपादकांना बांधून दिले.

त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. मी समजूत घालायला गेले नाही. रविवारी डहाणूला जात राहिले.

पुस्तक आलं तेव्हा मुख्य वृक्षाची घडीची पानं त्यांनी उघडलीसुद्धा नाहीत. शेवटचा भाग काढून मला दिला आणि वाच म्हणाले. आमच्या शाखेला अर्धं पान मिळालं होतं. गोत्र भारद्वाज. मूळ पुरुष मातामहाच्या घरी वाढला, आडनाव मातामहाचं. कन्येचं नाव उपलब्ध नाही. माझ्या नावापुढे : शिक्षिका, तलासरी. मी पेन्सिल घेऊन ओळ न्‌ ओळ तपासली. त्या अर्ध्या पानात मला एकही फुली मारता आली नाही.