परदेशी कॉलेज बघायला नंदाखालला

परदेशी कॉलेजची खात्री करायला मी विमानात नाही, एसटीत बसले. साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून विरारला, धाकट्या भावाकडे निघाले. विलासची मुलगी केतकी बी.फार्म. झालेली. युरोपातल्या एका कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता आणि त्यापायी मुंबईत एम.फार्म.ला मिळालेली जागा ती येत्या सोमवारी सोडणार होती. ती जागा एकदा गेली की गेली. प्रवेश मिळवून देणारा एजंट कोण, तर आमच्याच गावच्या शेलारांचा सुधीर. विलास फोनवर म्हणाला, "आपल्या गावचा माणूस आहे अक्का, तो कशाला फसवेल?" हे ऐकलं आणि मी पिशवी भरली.

विरारच्या मनवेलपाड्यात इमारती इतक्या अंगाला अंग लावून उभ्या आहेत की विलासच्या खिडकीतून शेजारणीची भाजी ढवळता येईल. चहा पिऊन झाल्यावर मी केतकीला म्हटलं, "चल, तुझं कॉलेज दाखव."

"आत्या, ते परदेशात आहे!"

"मग निदान त्याचा दलाल तरी दाखव."

सुधीरचं ऑफिस स्टेशनजवळ, एका मिठाईच्या दुकानावर. आत एसी, काचेचं टेबल, आणि भिंतभर विमानतळावर बॅगा घेऊन हसणाऱ्या मुलांचे फोटो.

"ताई, या या! गावाकडे पाऊसपाणी काय म्हणतंय?"

"बरं आहे. कॉलेज कसं आहे ते सांग."

"एक नंबर! फुल रेकग्नाइज्ड. फक्त सीट्स संपत आल्यात, उद्याच्या उद्या कन्फर्म करून टाका."

मान्यता कोणाची, विचारलं, तर त्यानं मोबाइलवर एक सोनेरी शिक्का दाखवला. तिथं शिकणाऱ्या एखाद्या मुलाशी बोलता येईल का, म्हटलं, तर तोंडातून शब्द निघायच्या आत नंबर हजर. ही तत्परता मला खटकली. भिंतीवर निळ्या कुर्त्यातली एक हसरी मुलगी होती. ही कोण, विचारलं.

"प्रेसिला. इथल्याच, विरारजवळच्या नंदाखालची. तिकडे मस्त सेटल झाली, ताई."

खाली उतरताच मी केतकीला म्हटलं, हिच्या आईला गाठू. सोयरीक जमवताना आपण मुलाच्या घरी चौकशी करतो का? आजूबाजूला करतो. केतकीनं कपाळाला हात लावला, पण आली.

घाईत आम्ही भलत्याच बसमध्ये चढलो आणि आगाशीच्या बाजारात उतरलो. तिथं माझ्या चपलेचा अंगठा तुटला. केतकी पिन शोधत होती तोवर मी सुकेळी (सोलून उन्हात वाळवलेली केळी) घेतली. मधासारखी गोड होती, पण माझं तोंड काही गोड होईना. रिक्षा नंदाखालच्या वाटेला लागली तशी विरारची धूळ मागे राहिली. दोन्ही बाजूंना नारळाच्या आणि केळीच्या वाड्या (बागा), वळणावर झेंडूचा हार घातलेला क्रूस, आणि भर दुपारी अंगाला लागणारा गारवा.

एका दुकानात प्रेसिलाच्या आईचं घर विचारलं. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "प्रेसिलाकडे जायचंय? आता तर चर्चमधून घरी गेली ती. तिसरी वाडी."

केतकी जागच्या जागी थांबली.

प्रेसिला विहिरीपाशी भाजी धूत होती. तोच चेहरा, फक्त भिंतीवरचं हसू नव्हतं. सुधीरचं नाव काढताच तिनं हातातली जुडी खाली ठेवली. आईनं आम्हाला आत बोलावलं, तांदळाची भाकरी आणि केळफुलाची भाजी वाढली. जेवता जेवता प्रेसिला सांगत होती. कॉलेज म्हणजे फर्निचरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. थोडे दिवस वर्ग भरले, मग एका सकाळी दाराला कुलूप. कॉलेज गेलं तसा व्हिसाही गेला. कशीबशी परत आली.

"चौकशी केली नव्हती?" मी विचारलं.

"पप्पांनी खूप केली. सुधीरच्या बिल्डिंगमध्ये जाऊन विचारलं. दारू पितो का, घरात भांडतो का. सगळे बोलले, देवमाणूस. लग्नासाठी मुलगा बघतात ना, तसा त्याला बघितला. कॉलेज कोणी बघितलंच नाही."

विलासनं तरी दुसरं काय केलं होतं? त्यानंही गावी फोन करून शेलारांचं घराणंच विचारलं होतं.

प्रेसिला केतकीकडे वळली. "तुझा इंटरव्ह्यू घेतला कोणी?"

"नाही. लगेच ऑफर लेटर आलं."

"तो शिक्का कोण देतं ते बघ. आमचा शिक्का देणारी संस्था कॉलेजवाल्यांनीच काढलेली. त्या देशाच्या सरकारी साइटवर मान्य कॉलेजांची नावं असतात, तिथं शोध. आणि शिकणारी मुलं स्वतः शोध, त्यानं दिलेल्या नंबरवर फोन नको करू. मला दिलेला नंबर त्याच्या मेव्हण्याचा निघाला!"

केतकीनं तिथंच मोबाइलवर शोधलं. पुन्हा पुन्हा शोधलं. कॉलेजचं नाव नव्हतं. तिचे डोळे भरले आणि माझं डोकं फिरलं. पोरीचं आयुष्य म्हणजे काय बाजारातला नारळ आहे, वाजवून बघितला, नासका निघाला तर फेकून दिला?

परत विरारला गेलो ते तिघी. प्रेसिला थेट सुधीरच्या ऑफिसात शिरली आणि भिंतीवरचा आपला फोटो काढून पर्समध्ये घातला. सुधीर उठला, घसा खाकरला आणि मला म्हणाला, "ताई, हे गावात बोलू नका." त्या मुलीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. त्याचा मला अजून संताप येतो.

सोमवारी केतकीनं एम.फार्म.ची जागा सोडली नाही. मंगळवारी मी परत निघाले. वाटभर एकच गोष्ट मनात घोळत होती. आपण माणसाचं गाव विचारतो, घराणं विचारतो, आणि एवढं कळलं की बाकी काही विचारायला आपल्यालाच लाज वाटते. सुधीरसारखे लोक त्या लाजेवरच जगतात.

गावच्या थांब्यावर उतरले तर समोर सुधीरचे वडील. "भेटला का गं आमचा सुधीर? लई पोरं परदेशी धाडली म्हणं त्यानं!"

मी सगळं सांगितलं. तिथंच, चारचौघांत. काका काठी टेकत जवळ आले. मग हळूच म्हणाले, "नातवाला मी किती सांगितलं, बापाची एवढी ओळख हाय, तू पण जा. सुधीरच नको म्हणाला. साताऱ्याच्या कॉलेजात घातलाय त्याला."