न केलेली प्रार्थना

मी डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्कोत राहायला आलो ते २००२ च्या उन्हाळ्यात. बायको आणि दोन वर्षांची मुलगी तीन महिन्यांनी आल्या. ऑफिसात माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये साठीला आलेल्या एक अमेरिकन बाई बसायच्या. डेटाबेसचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. तिथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना पहिल्या नावानं हाक मारायचो, पण घरी आम्ही त्यांना काकूच म्हणायचो, आणि इथंही तेच म्हणतो.

पहिल्याच आठवड्यात कॉफी ओतून घेता घेता काकूंनी विचारलं, "मग, कुठल्या चर्चला जायचं ठरवलंस?"

टेक्सासमध्ये या प्रश्नात खोचक काही नसतं. नव्या माणसाला चांगला डेंटिस्ट सांगावा तसं ते विचारतात. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. न्यूयॉर्कचे मनोरे पडून वर्ष व्हायचं होतं. पेट्रोल भरताना दोनदा माणसांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं. व्हिसा कंपनीच्या हातात होता. मी म्हणालो, "मी हिंदू आहे."

"अच्छा. पण देवावर विश्वास आहे ना?"

"आहे ना. रोज सकाळी प्रार्थना करतो."

हे शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते मी आपणहून, वर घालून दिलं.

खरं म्हणजे मी आयुष्यात कधी प्रार्थना केलेली नव्हती. आमच्या नाशिकच्या घरात देव्हाराच नव्हता. वडील शाळेत शिक्षक. देव आहे का असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर आनंद आहे." आवाज न चढवता, वाद न घालता. बहिणीचं लग्न ठरत असताना मुलाकडच्यांनी हाच प्रश्न विचारला तेव्हाही त्यांनी हेच उत्तर दिलं. ते स्थळ गेलं. नातेवाइकांनी महिनाभर बोलून घेतलं, पण वडिलांनी वाक्य बदललं नाही. मीही त्यांच्यासारखाच, हे मी कॉलेजात अभिमानानं सांगत फिरायचो. आणि इथं कॉफीच्या मशीनपाशी, एका हसऱ्या बाईंनी सहज विचारल्यावर, मी अर्ध्या मिनिटात भक्त झालो.

त्या एका वाक्याची काकूंनी फार कदर केली. टीमचं जेवण मागवताना त्या मुद्दाम पाहायच्या की माझ्यासाठी मांस नसलेलं काहीतरी आहे ना. खरं तर मी सगळं खायचो. मग मी त्यांच्यासमोर चीज पिझ्झा खायचो आणि बर्गर खावासा वाटला की लांबच्या दुकानात जाऊन, पार्किंगमध्ये गाडीतच बसून खायचो. खिडक्या उघड्या ठेवायचो, वास राहू नये म्हणून. तिशी ओलांडलेला माणूस, एका मुलीचा बाप. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

बायको मात्र श्रद्धाळू. तिनं स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात देव मांडले होते. ओट्यापाशी उभी राहून ती रोज पाच मिनिटं हात जोडायची. मी चहा पीत विचारायचो, "तुझे देव एच-वन व्हिसावर आलेत की ग्रीन कार्ड आहे त्यांच्याकडे?" ती कपाटाचं दार हळूच लावून घ्यायची.

असं दीडेक वर्ष गेलं. मग काकूंच्या नवऱ्याला कॅन्सर निघाला. पोटात, स्वादुपिंडाला. ते निवृत्त मेकॅनिक होते. ऑफिसच्या पिकनिकला एकदा भेटले होते, माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन त्यांनी तळ्यातली कासवं दाखवली होती.

काकू एका दुपारी माझ्या क्युबिकलमध्ये येऊन खुर्ची ओढून बसल्या. "आमचं अख्खं चर्च त्याच्यासाठी प्रार्थना करतंय," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणला. "पण तूही करशील का? तुझ्या पद्धतीनं. आमच्या पास्टरला हे आवडणार नाही. मला लहानपणापासून शिकवलंय की दुसऱ्या कुठल्या देवाकडे मागायचं नसतं. पण मी विचार केला, ऐकणारा एकच असेल तर तुझंही ऐकेल."

त्या बाईनं माझ्या भरवशावर आपल्या साठ वर्षांच्या शिकवणुकीबाहेर एक पाऊल टाकलं होतं. मला ते दिसलं. दिसूनही मी म्हणालो, "नक्की. रोज करीन."

"मंगळवारी ऑपरेशन आहे, सकाळी दहाला. त्या वेळी करशील?"

"करीन."

मंगळवारी आमच्या मॅनेजरचा वाढदिवस होता. दहा वाजता कॉन्फरन्स रूममध्ये केक कापला. मी दोन तुकडे खाल्ले, क्रिकेट आणि बेसबॉलवर बोललो, सगळे हसले. काकूंची आठवण झाली ती दुपारी दोनला, त्यांच्या खुर्चीवर स्वेटर तसाच लटकलेला दिसला तेव्हा. मी डोळे मिटले असते तरी माझ्या लेखी त्याचा उपयोग नव्हता, हे खरं. पण दहा वाजता पाच मिनिटं त्या माणसाचा विचार करायला देव असावा लागत नव्हता. तेवढंही माझ्याकडून झालं नाही.

पुढच्या आठवड्यात काकू परत आल्या. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "दहा वाजता मी वेटिंग रूममध्ये बसले होते. मासिकाचं एकच पान पुन्हा पुन्हा उलटत होते. आणि एकदम शांत वाटलं. मला कळलं, तू करतोयस."

मी हो म्हणून मान हलवली. दुसरं काय करणार होतो असं मी पुष्कळ दिवस स्वतःला विचारत असे. करण्यासारखं बरंच होतं.

त्यानंतरच्या शनिवारी त्या पीकन पाय, अक्रोडासारख्या सुक्यामेव्याचा एक गोड पदार्थ, घेऊन घरी आल्या, आभार मानायला. बायकोनं चहा केला. चहा होता होता काकू तिला म्हणाल्या, "एक विचारू? तो कुठं बसून प्रार्थना करतो, ते मला बघायचंय. माझ्या नवऱ्यासाठी रोज करतो ना, ती जागा."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली टेबलाकडे. मग ती उठली, कपाटाचं दार उघडलं आणि म्हणाली, "इथं."

काकू देवांसमोर उभ्या राहिल्या. हात जोडावेत की नाही हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी छातीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. माझी मुलगी त्यांच्या स्कर्टला धरून वर बघत होती. मला त्या खोलीतून उठून जावंसं वाटत होतं.

त्या गेल्यावर बायकोनं कप विसळले.

"काकूंचं आडनाव काय आहे?" तिनं विचारलं.

"का?"

"कुणासाठी मागायचं ते नीट माहीत पाहिजे. तू सांगितलंयस ना होतंय म्हणून? मग कुणीतरी करायला हवं."

तिनं मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून ती ओट्यापाशी पाचाऐवजी दहा मिनिटं उभी राहू लागली. मी चहाचा कप घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसू लागलो. थट्टा बंद झाली.

काकूंचे यजमान नऊ महिन्यांनी गेले. चर्चमधल्या प्रार्थनेला आम्ही दोघं गेलो. एकामागून एक माणसं उठून सांगत होती की ते आता अधिक चांगल्या ठिकाणी आहेत, देवाची काहीतरी योजना असणार. काकू पहिल्या रांगेत ताठ बसून प्रत्येक बोलणाऱ्याकडे कोरड्या नजरेनं बघत होत्या. एकदाही रडल्या नाहीत.

त्या कामावर परत आल्या त्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, त्यांनी मला बाहेर फिरायला बोलावलं. आमच्या इमारतीमागं एक कृत्रिम तळं होतं, त्याच्या कडेनं सिमेंटची वाट. अर्धी फेरी होईपर्यंत त्या पाण्याकडे बघत चालल्या. मग थांबल्या.

"मला वाटतं, तिथं कुणी नाहीये," त्या म्हणाल्या. "मी रोज बोलते आणि रिकाम्या खोलीत बोलल्यासारखं वाटतं. चर्चमध्ये हे कुणाला सांगता येत नाही. सांगितलं की लगेच माझ्यासाठी प्रार्थना सुरू करतात. तुला कधी असं वाटतं का?"

त्या क्षणी मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. जन्मभर वाटतं, माझ्या वडिलांनाही वाटायचं, त्या रिकाम्या खोलीतही माणसं राहतात, हसतात, मुलं वाढवतात, एवढं सांगायचं होतं. अख्ख्या टेक्सासात ते ऐकण्याची गरज असलेली बाई माझ्यासमोर उभी होती आणि ते सांगू शकणारा माणूस बहुधा मीच होतो. पण मग मंगळवारचं सांगावं लागलं असतं. कपाटाचं सांगावं लागलं असतं.

मी म्हणालो, "आमच्याकडे मानतात की आत्मा मरत नाही. जुने कपडे टाकून नवे घालावेत, तसं असतं ते."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. चर्चमधल्या त्या माणसांकडे त्या ज्या नजरेनं पाहत होत्या, तीच नजर.

"नशीबवान आहेस," त्या म्हणाल्या. आम्ही उरलेली फेरी पूर्ण केली. त्या विषयावर त्या माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत.

२००६ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. ओक्लाहोमात मुलीकडे राहायला चालल्या होत्या. शेवटच्या दिवशी त्यांचे खोके मी गाडीपर्यंत नेले. डिकी लावली आणि तिथंच, उन्हात, सगळं सांगून टाकलं. मी देव मानत नाही, कधीच मानला नाही, रोजची प्रार्थना खोटी, ऑपरेशनच्या वेळी मी केक खात होतो. शेवटी हेही सांगितलं की नंतर बायको करत होती, खरोखर करत होती.

त्या काही वेळ किल्ल्यांशी चाळा करत राहिल्या.

"केकचं राहू दे," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी तळ्यापाशी मी तुला विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. तुला माहीत होतं, आणि तू मला एकटं सोडलंस."

मी सॉरी म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण ती माफ केल्याची नव्हती, ऐकल्याची होती. "बायकोला थँक्स सांग," म्हणून त्या गाडीत बसल्या.

मी वर येऊन जागेवर बसलो. सहा वाजेपर्यंत काम केलं. घरी गेल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता सांगितलंस? त्या निघाल्यावर?"

पुढच्या वर्षी डिसेंबरात त्यांचं कार्ड आलं. येईल असं मला वाटलं नव्हतं. कार्डावर येशूचा जन्म नव्हता, तारे नव्हते, नुसता बर्फातला एक लाल पक्षी. आत त्यांनी लिहिलं होतं की मुलीकडे बरं चाललंय, रविवारी आता त्या पोहायला जातात, नातवंडं देवाबद्दल विचारतात तेव्हा काय सांगावं ते कळत नाही. आणि खाली, वेगळ्या शाईत: तुला याची सवय आहे. माणूस दिवस कसे काढतो, ते मला कधीतरी लिही.

मी लिहायला बसलो. दोन-तीनदा बसलो. वडिलांबद्दल सुरुवात केली आणि पान फाडलं. देव न मानणं लपवण्यातच मी इतकी वर्षं घालवली होती की त्याबद्दल कुणाला काही सांगण्याइतकं मी ते कधी नीट जगलोच नव्हतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. शेवटी एक छापील कार्ड आणलं. त्यात लिहिलं की मुलगी आता दुसरीत आहे, आम्ही घर घेतलंय, यंदा थंडी जरा जास्त आहे. खाली तिघांच्या सह्या केल्या आणि पोस्टात टाकलं.

त्यानंतर त्यांचं काही आलं नाही.